पाच कसोट्या आणि सहा करंडक
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यासाच्या महोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही आपण दिलीत, याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. मी पेशाने शाळामास्तर. तेव्हा मी शिक्षणावर बोलणार असे आपण गृहीत धरले असेल. ते खरेच आहे. मात्र ज्या वर्गाविषयी मी बोलणार आहे, त्याला भिंती नाहीत, फळा नाही आणि घंटाही नाही. तो वर्ग क्रिकेटच्या मैदानावरचा आहे, आणि त्या वर्गाचे मास्तर आहेत श्री. चंद्रकांत पंडित.

इंदूरकरांना या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही, असे कुणी म्हणेल. परंतु नाव माहीत असणे निराळे आणि माणसाच्या आयुष्याचा अर्थ लावून पाहणे निराळे. पंडितांच्या आयुष्याचे दोन डाव झाले. पहिल्या डावात ते खेळाडू होते. दुसऱ्यात प्रशिक्षक झाले. पहिला डाव चांगला झाला, पण अपुरा राहिला. दुसरा डाव असा रंगला, की पहिल्याचे अपुरेपण त्यात भरून निघाले. हे कसे घडले, आणि त्यातून आपल्या न्यासाने काही घ्यावयाचे आहे काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

क्रिकेटवर पोट भरणे ही गोष्ट एके काळी कमीपणाची समजली जाई. इंग्लंडात पैसे घेऊन खेळणारा आणि हौसेने खेळणारा असे दोन वर्ण होते. दोघांची कपडे बदलण्याची खोलीसुद्धा बहुधा वेगवेगळी असे. हा भेद तेथे १९६२ साली अधिकृतपणे मोडला. या धंदेवाईक खेळाडूंचे हातपाय थकले म्हणजे त्यांपैकी भाग्यवान असत त्यांना एखाद्या शाळेत मुलांना शिकविण्याची नोकरी मिळे. जॉर्ज हर्स्टसारखा महान खेळाडू ईटनच्या शाळेत गेला, विल्फ्रेड ऱ्होड्स हॅरोच्या शाळेत. म्हणजे शिकविणे ही खेळाडूच्या उतारवयाची सोय होती. शिकविणे हेच एक स्वतंत्र कर्तृत्व होऊ शकते, ही कल्पना पुष्कळ उशिरा रुजली.

आपल्या इंदूरने मात्र क्रिकेटपटूला मान आणि भाकरी या दोन्ही गोष्टी फार लवकर दिल्या. १९२३ साली होळकर दरबाराने सी. के. नायडूंना नागपूरहून येथे आणले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे महाराजा यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने जो संघ उभा राहिला, त्याची कीर्ती आपल्या घराघरांतून सांगितली गेली आहे. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. मुश्ताक अली तर इंदूरचेच. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी शतक काढले; परदेशात कसोटी सामन्यात शतक काढणारे ते पहिले भारतीय. आमच्या घरी हे नाव थोड्या जास्त जिव्हाळ्याने निघे हे मी नाकारीत नाही. पण सरवट्यांचे नाव त्याहून कमी आदराने निघत नसे. त्या संघात धर्म आणि भाषा विचारून कुणाला घेतले जात नव्हते, आणि प्रेक्षकही तसे विचारून टाळ्या वाजवीत नव्हते.

होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. नंतर संस्थाने गेली, संघ गेला, प्रांतांची नावे बदलली, आणि मध्य प्रदेशाचा संघ उभा राहिला. मैदाने होती, मुले होती, आठवणीही पुष्कळ होत्या. करंडक मात्र आला नाही. नुसत्या आठवणींवर पुढची पिढी घडत नाही, हे आपण सगळेच आपापल्या घरात पाहतो.

अशा काळात चंद्रकांत पंडित या कथेत येतात. त्यांचा जन्म १९६१ साली मुंबईत झाला. शिक्षण झाले रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली, शिवाजी पार्कच्या मातीत. आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचा अवघा एक सामना खेळले होते. पण त्यांच्या हाताखालून किती कसोटीपटू गेले ते जगाला ठाऊक आहे. गुरूची योग्यता त्याच्या स्वतःच्या धावांनी मोजावयाची नसते, याचे हे पहिले उदाहरण पंडितांना लहानपणीच डोळ्यांसमोर दिसले.

पंडित यष्टिरक्षक आणि फलंदाज होते. १९८६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात लीड्स येथे ते पहिला कसोटी सामना खेळले. तो सामना आणि ती मालिका भारताने जिंकली. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही ते मुंबईला इंग्लंडविरुद्ध खेळले. १९९२ साली ऑस्ट्रेलियात त्यांचा अखेरचा कसोटी सामना झाला. सहा वर्षांत पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने, एवढाच हिशेब. दोष कुणाचा नव्हता. यष्टिरक्षकाची जागा संघात एकच असते, आणि त्या वर्षांत ती जागा किरण मोरे समर्थपणे सांभाळीत होते. अकरा जणांत फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच असतात, यष्टिरक्षक एकटा. दुसऱ्या क्रमांकाच्या यष्टिरक्षकाने पुष्कळ वेळा पाणी नेऊन द्यावयाचे, सराव करावयाचा आणि वाट पाहावयाची.

पण या जागेचे एक वैशिष्ट्य आहे, आणि मला वाटते पुढच्या प्रशिक्षकाचे मूळ तेथेच आहे. मैदानावरचे बहुतेक जण फलंदाजाला समोरून किंवा बाजूने पाहतात. यष्टिरक्षक त्याला पाठीमागून पाहतो. गोलंदाजाचे मनगट कसे वळले, फलंदाजाचा पाय कोठे अडला, क्षेत्ररक्षक कोठे ढिला पडला, हे त्याला प्रत्येक चेंडूला बघावेच लागते. दिवसभरात साडेपाचशे वेळा वाकावयाचे आणि साडेपाचशे वेळा लक्ष एकवटावयाचे, आणि कौतुक मात्र चुकल्यावरच व्हावयाचे! आईचे आणि मास्तरचे काम याच जातीचे आहे.

नव्वदच्या दशकात पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळू लागले आणि येथे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात आपला संघ त्यांच्या नेतृत्वाखाली रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सामना बंगळूरला, चिन्नास्वामी मैदानावर, कर्नाटकाविरुद्ध. कर्नाटकाने पहिल्या डावात ३०४ धावा केल्या, आपण ३७९. पंचाहत्तर धावांची आघाडी हाती होती. रणजीचा नियम असा, की अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची त्याचा करंडक. म्हणजे शेवटच्या दिवशी आपल्याला जिंकण्याचीदेखील गरज नव्हती; फक्त टिकून राहावयाचे होते. विजयासाठी २४७ धावा हव्या होत्या. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे आपला डाव १५० धावांत आटोपला आणि आपण ९६ धावांनी हरलो. हातातोंडाशी आलेला घास गेला.

हरलेल्या कर्णधाराला काय वाटत असेल, ते आपण कल्पनेनेच जाणावे. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांचे खेळणे संपले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत आठ हजारांहून अधिक धावा जमेला होत्या; पण कसोट्या पाचच, आणि बंगळूरचा तो दिवस खर्चाच्या बाजूला. येथे पुष्कळांची कथा संपते. निवृत्तीनंतर जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगत बसणारी, ‘मला संधी मिळाली नाही’ असे म्हणत आयुष्य काढणारी माणसे आपण सर्व क्षेत्रांत पाहतो.

पंडितांनी ते केले नाही. ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. २०१५-१६ साली पुन्हा मुंबई विजयी झाली. यावर टीकाकार म्हणू शकत होते, की मुंबईला जिंकावयास शिकविण्यात काय मोठेसे? ज्या वर्गात सगळीच मुले पहिल्या श्रेणीची, त्या वर्गाचा निकाल चांगलाच लागणार. आम्हा शिक्षकांना हा टोमणा परिचयाचा आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही.

त्यानंतरचे वर्ष पाहा. २०१७ च्या जानेवारीत मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात आली. सामना आपल्या होळकर मैदानावर झाला. पार्थिव पटेलच्या शतकाच्या जोरावर गुजरातने तो जिंकला आणि पहिल्यांदाच करंडक नेला. मुंबईने पंडितांना निरोप दिला. एका वर्षी करंडक, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना, आणि तरी निरोप! मग त्यांना विदर्भाने बोलावले.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजीत खेळत होता आणि अंतिम सामन्याचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. नागपुरात अकादमी होती, सुब्रतो बॅनर्जींसारखे गोलंदाजीचे शिक्षक होते, फैज फजलसारखा शांत कर्णधार होता. उणीव होती ती ‘आपण जिंकू शकतो’ या विश्वासाची. पंडितांनी तेथे हात घातला तो या ठिकाणी. त्या हंगामात उपांत्य सामन्यात बलाढ्य कर्नाटकाला विदर्भाने पाच धावांनी हरविले. रजनीश गुरबानी या अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणाने सामन्यात बारा बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, आणि मैदान पुन्हा आपलेच, होळकर मैदान! गुरबानीने बळींची हॅटट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक काढले, आणि २०१८ च्या १ जानेवारीला विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला. ज्या मैदानावर सुमारे एक वर्षापूर्वी पंडितांनी पराभव पाहिला होता, त्याच मैदानावर हे घडले.

या विजयातील एका माणसाबद्दल मला दोन वाक्ये अधिक बोलावीशी वाटतात. वसीम जाफर हे मुंबईचे ज्येष्ठ फलंदाज विदर्भाकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते. त्याआधीचा संपूर्ण हंगाम दुखापतीमुळे बुडाला. मानधन मात्र मिळाले होते. म्हणून हा हंगाम त्यांनी मानधन न घेता खेळून काढला, असे वृत्तपत्रांतून आले. विजयाची धाव त्यांच्याच बॅटमधून निघाली. पुढल्या हंगामात चाळिशी गाठलेल्या या गृहस्थांनी हजारांहून अधिक धावा काढल्या, आणि विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. त्याच वर्षी जिंकलेल्या इराणी करंडकाची बक्षिसाची रक्कम विदर्भाच्या संघाने पुलवामा येथे प्राणार्पण केलेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली. अहो, खेळातून चारित्र्य घडते असे आम्ही वर्गात सांगतो ते मुलांना पुस्तकी वाटते. अशी उदाहरणे दिली म्हणजे ती ऐकतात.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० साली पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होऊन आले. आले आणि महामारी सुरू झाली. २०२०-२१ ची रणजी स्पर्धा भरलीच नाही. पुष्कळ संघांनी ते वर्ष वाया गेले असे मानले. पंडितांनी ते तयारीला मिळाले असे मानले. शिबिरांमागून शिबिरे झाली. कडाक्याची शिस्त, वेळी-अवेळी सराव, मोबाइलवर आणि गप्पांवर बंधने. कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या लग्नालासुद्धा मोजून दोन-तीन दिवसांची रजा मिळाल्याचे पुढे जाहीर झाले. त्या मुलांच्या घरच्यांनी काय सोसले असेल याचा विचार येथे बसलेल्या माताभगिनींच्या मनात प्रथम येईल, आणि तो यावयासच पाहिजे.

जून २०२२. अंतिम सामना. मैदान बंगळूरचे चिन्नास्वामी, तेच तेवीस वर्षांपूर्वीचे. प्रतिपक्ष मुंबई, म्हणजे पंडितांचे माहेर. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. दोन गुरुबंधू आमनेसामने! मुंबईने ३७४ धावा केल्या; सर्फराज खानने शतक काढले. आपल्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके काढून ५३६ धावा उभारल्या. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत संपला. त्यात चार बळी होते कुमार कार्तिकेयचे. हा मुलगा उत्तर प्रदेशातून क्रिकेटसाठी घर सोडून निघाला. टायरच्या कारखान्यात मजुरी केली, आणि काही मिळविल्याखेरीज परतणार नाही म्हणून नऊ वर्षे घरी गेला नाही. विजयाला १०८ धावा हव्या होत्या. त्या चार गडी गमावून झाल्या. होळकरांच्या १९५२-५३ च्या विजयानंतर एकोणसत्तर वर्षांनी करंडक या मातीत आला. मुलांनी पंडितांना खांद्यावर घेतले, आणि एवढा कडक माणूस सर्वांदेखत रडला. कर्णधार म्हणून जे या मैदानावर हातचे निसटले होते, ते शिक्षक म्हणून परत मिळाले होते.

येथवर यशाची कथा झाली. पण मी शिक्षक असल्याने एका शंकेचा विचार केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. एवढी कडक शिस्त बरोबर आहे काय? पंडित पुढे कोलकात्याच्या आय. पी. एल. संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ साली त्या संघाने स्पर्धा जिंकली. श्रेय मार्गदर्शक गौतम गंभीर आणि कर्णधार श्रेयस अय्यर यांनाही मोठे मिळाले. परंतु त्याच सुमारास एका परदेशी खेळाडूने या शिस्तीबद्दलची नाराजी उघड बोलून दाखविली. काय ल्यावे, कसे वागावे, हे जगभर खेळलेल्या प्रौढ माणसांना कोणी सांगू लागले तर ते त्यांना रुचत नाही, असा तिचा आशय होता. २०२५ च्या जुलैत पंडित आणि तो संघ यांचे मार्ग वेगळे झाले.

मला या प्रसंगात पंडितांचा पराभव दिसत नाही, पण एक धडा दिसतो. जी शिस्त विशीतल्या, मार्ग शोधणाऱ्या मुलाला आधार वाटते, ती मार्ग सापडलेल्या पस्तिशीतल्या माणसाला बेडी वाटू शकते. पाचवीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे लागते. मॅट्रिकच्या मुलाचा हात धरला तर तो रागावेल, आणि त्याचा राग बरोबर असेल. शिवाय शिस्तीला मुले मान देतात ती एका अटीवर: शिस्त लावणारा स्वतः मुलांच्या आधी मैदानावर आलेला दिसला पाहिजे, आणि त्याचा स्वार्थ त्यात नसला पाहिजे. इंदूरच्या मुलांनी त्या कडकपणाखालचे मन ओळखले होते. ते ओळखू येत नसेल, तर तीच शिस्त नुसता जाच होते. घरी मुलांवर शिस्त लादणाऱ्या आम्हा वडील मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. आचरेकर सर प्रथम दर्जाचा एक सामना खेळले. पंडित पाच कसोट्या खेळले. अमोल मुजुमदार तर शाळेच्या त्या विख्यात सामन्यात, सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागी करीत असताना, पॅड बांधून वाटच पाहत बसले होते. पुढे हजारो धावा काढूनही भारताकडून खेळण्याचा योग त्यांना आला नाही. तेच मुजुमदार २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते. या तिघांना जोडणारा धागा कोणता? थोडक्यात हुकलेल्या माणसाला वाट पाहणे म्हणजे काय ते कळते, आणि ज्याला ते कळते त्याला बाकावर बसलेल्या बाराव्या मुलाचा चेहरा वाचता येतो. मात्र हुकल्याचे विष मनात ठेवले तर हा गुण उपयोगी पडत नाही. ते विष पचवावे लागते.

आपला न्यास दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. हे कार्य मोठे आहे आणि ते चालू राहावे. पण प्रत्येक सत्कारामागे, दोन-चार गुणांनी मागे राहिलेली मुले असतात. स्पर्धा परीक्षेत शेवटच्या पायरीवर अडलेली, खेळात राज्य संघाच्या दारातून परतलेली. त्यांना आपण सभागृहाच्या मागच्या रांगेत बसवितो आणि टाळ्या वाजवावयास सांगतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा वैद्यकीय प्रवेशाला तीनदा अडला. आज तो वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी विज्ञान शिकवितो, आणि त्याच्याइतके नेमके शिकविणे मला माझ्या पदवीनेही साधलेले नाही. कारण मुलगा कोठे अडतो हे त्याला स्वानुभवाने माहीत आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. महोत्सवाच्या या वर्षी न्यासाने आपल्या जुन्या शिष्यवृत्तिधारकांना आणि जवळ येऊन हुकलेल्या अशा मुलामुलींनाही निमंत्रण द्यावे. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांनी धाकट्यांना द्यावी. कुणी गणित, कुणी इंग्रजी, कुणी मैदानावर चेंडूफळी. त्यांना थोडे मानधन द्यावे, कारण फुकट घेतलेल्या श्रमाची किंमत राहत नाही. आणि त्यांचाही सत्कार याच व्यासपीठावर, पहिल्या आलेल्यांच्या शेजारी करावा. खर्च फार नाही. जागा आपल्याकडे आहे.

आणि येथे बसलेल्या तरुण मित्रांना एवढेच सांगेन: पहिला डाव मनासारखा झाला नाही म्हणून मैदान सोडून जाऊ नका. खेळणाऱ्याचे वय संपते. शिकविणाऱ्याचे संपत नाही. बंगळूरच्या त्या मैदानावर परत जावयास पंडितांना तेवीस वर्षे लागली, पण ते गेले तेव्हा एकटे गेले नाहीत. संघ घेऊन गेले.